सरसाची बाटली

८ जुलै १९९७, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता पेणच्या एका खासगी प्रयोगशाळेत मला दोन कागद मिळाले. पहिल्यावर रक्तातली साखर होती: उपाशीपोटी ११८, जेवणानंतर दोन तासांनी १७२. दुसरा लघवीचा होता. त्यावर अल्ब्युमिन या शब्दासमोर अधिकची तीन चिन्हे होती. माझे वय तेव्हा बेचाळीस होते.

अल्ब्युमिन म्हणजे काय, हे मला कोणाला विचारावे लागले नाही. हे रक्तातले प्रथिन. मूत्रपिंडाने ते अडवायचे असते. लघवीत उतरू लागले, तर गाळणी झिजली असे समजतात. थोरल्या बहिणीच्या आजारपणात हा शब्द आमच्या घरात दोन वर्षे रोज बोलला जात होता. तिला जाऊन तेव्हा अडीच वर्षे होत आली होती.

कागद देणारा माणूस "डॉक्टरांना दाखवा" एवढेच म्हणाला. तो हे सगळ्यांनाच म्हणतो का, ते पाहण्यासाठी मी बाकावर बसून राहिलो. माझ्यानंतर तिघेजण कागद घेऊन गेले. त्यांतल्या दोघांना तो काही म्हणाला नाही.

आक्का

आक्का रोह्याला असे. भावोजी धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर होते. तिला साखर आहे हे सगळ्यांना माहीत होते. मूत्रपिंडे बिघडली आहेत हे कळले ते पायातली जोडवी निघेनात तेव्हा. १९९३ च्या दिवाळीत ती साबण लावून ओढून पाहिली, शेवटी सोनाराकडून कापून घेतली. "जाडी झाल्ये मी," ती म्हणाली. प्रत्यक्षात तिचे वजन चार किलोने उतरले होते.

पुढच्या वर्षी डायलिसिस सुरू झाले. त्यासाठी आठवड्यातून दोनदा मुंबईला जावे लागे. भावोजींची शिफ्ट आणि माझी कामे जुळवून आम्ही आळीपाळीने तिला नेत होतो. पाणी दिवसाला तीन पेले, त्यात चहाही धरायचा. ती पेला ओठांना लावायची आणि न पिता खाली ठेवायची. "पुरवून पुरवून पिते," असे म्हणायची. सात महिने हे चालले. फेब्रुवारी १९९५ मध्ये ती गेली.

तिच्या कागदांची पिशवी माझ्याकडे आली. त्यातली सर्वांत जुनी चिठ्ठी १९८२ ची होती: 'साखर सीमेवर. पथ्य. सहा महिन्यांनी दाखवणे.' सहा महिन्यांनंतरची चिठ्ठी पिशवीत नव्हती. त्यापुढची १९८६ ची होती आणि तोवर साखर सीमेपलीकडे गेली होती. लघवीतल्या अल्ब्युमिनचा पहिला उल्लेख १९९२ चा आहे. त्याआधी ते तपासले आणि आढळले नाही, की तपासलेच नाही, हे कागदांवरून ठरत नाही.

बैठक

मुंबईच्या एका दैनिकात मी अकरा वर्षे होतो. १९९० मध्ये वडील गेल्यावर पेणला परतलो. दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवणे चालू राहिले. शिवाय चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या गणपतीच्या कारखान्यात वडिलांची जागा रिकामी होती, तिथे बसू लागलो. वडील रेखणी करत. रेखणी म्हणजे मूर्तीचे डोळे आखणे. ते काम सगळ्या रंगांनंतर, सर्वांत शेवटी होते. लहानपणापासून हात बसलेला होता, म्हणून ते मला जमत होते.

एक डोळा आखला की दुसरा आखून होईपर्यंत रेखणीकाराने उठायचे नाही, असा रिवाज आहे. आमच्या कारखान्यात तो ताणला गेला होता. पाटावर बसलात की समोरची रांग संपेपर्यंत उठायचे नाही. रांग वीस मूर्तींची. मूर्ती समोर सरकवल्या जातात, रेखणीकार जागचा हलत नाही. लघवीला उठावे लागू नये म्हणून मी सकाळपासून पाणी पीत नसे. चहा मात्र तीन-चार वेळा होई, घोटभर आणि भरपूर गोड. वडीलही तसेच करत.

मांडी घालून आठ-नऊ तास बसल्यावर कंबर आणि गुडघे दुखतात. त्यावर गोळी होती. औषधांच्या दुकानात 'कंबरेची गोळी' म्हटले की चिठ्ठीशिवाय मिळे. कारखान्यातले निम्मे लोक ती घेत. तिची पट्टी कुंचल्यांशेजारी पडलेली असे. ज्येष्ठापासून गणपती जाईपर्यंत मी रोज दोन घेत होतो, कधी तीन. असे चार हंगाम झाले होते. तिला मी औषध समजत नव्हतो. कुंचला, रंग, गोळी, असे ते सामान होते.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात होते. जूनच्या अखेरीस माझी पत्नी सुनंदा हिला माझ्या घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसला. तिने अंगठ्याने दाबून पाहिले. खड्डा पडला आणि लगेच भरला नाही. त्यावर आम्ही दोघांनीही जोडव्यांचा विषय काढला नाही. "तपासून या," ती म्हणाली. म्हणून तपासणी झाली होती.

मंगळवार ते शुक्रवार

ते दोन कागद मी दैनिकांच्या गठ्ठ्यात, मधल्या पानांत घालून ठेवले. बुधवारी हमरस्त्यावरच्या अपघाताची बातमी पाठवली, गुरुवारी नळपाणी योजनेची. दोन्ही छापून आल्या. त्या वाचताना त्या आपण लिहिल्याचे आठवत नव्हते.

या तीन दिवसांत मी दर वेळी लघवीत फेस आहे का ते पाहत होतो. आक्काच्या लघवीला फेस यायचा, असे भावोजी सांगत. फेस दिसे. तो आधीही येत होता का, याची नोंद कुठे नव्हती. मग तो किती वेळ टिकतो ते मोजू लागलो. कधी विसापर्यंत, कधी चाळिसापर्यंत. रेखणी चालू होती. हात थरथरत नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो, कारण मी त्याच्याकडेही लक्ष ठेवून होतो.

शुक्रवारी सुनंदा रद्दी काढायला बसली.

"हे काय आहे?"

"रिपोर्ट."

"कधीचा?"

"मंगळवारचा."

"आज शुक्रवार आहे," ती म्हणाली. कागद तिने दोनदा वाचला. तिला ती तीन चिन्हे कळत होती. "आक्कांच्या वेळी भावोजींना तुम्हीच बोलला होतात ना? त्यांनी घरात सांगितलं नाही म्हणून?"

"बोललो होतो."

"अख्ख्या आळीला ऐकू गेलं होतं."

मग ती जमिनीवर बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि घोटा दाबून खड्डा भरेपर्यंत तोंडातल्या तोंडात आकडे म्हणू लागली. आकडा किती झाला ते तिने सांगितले नाही.

रोहा

१२ जुलैला, शनिवारी, आम्ही सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो. डॉक्टर पेणलाही होते. पण आक्काला पाहिलेल्या डॉक्टरांकडे जायचे, असे सुनंदाने ठरवले. पेणमध्ये कोणाला कळू नये, हे माझे कारण होते.

दवाखान्यातला बाक तोच होता. भिंतीकडच्या टोकाला त्याचे रेक्झिन फाटलेले आहे. आक्का तिथे बसायची, कारण तिथून समोरच्या स्टुलावर पाय ठेवता येत. सुनंदा नकळत तिथेच बसली, मग उठली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

डॉक्टरांनी आमचे कागद पाहिले, मग आक्काची पिशवी मागितली. ती आम्ही नेली होती. रक्तदाब दोनदा मोजला. तो १५६ आणि ९८ होता.

"तुम्हाला मधुमेह नाही," ते म्हणाले. "अजून नाही. साखर सीमेवर आहे."

१९८२ च्या चिठ्ठीतले शब्द तेच होते.

"सीमेवरच्या साखरेने मूत्रपिंड जात नाही ना?" सुनंदाने विचारले.

"एकट्या सीमेवरच्या साखरेने सहसा इतक्या लवकर नाही. पण दाबही चढलेला आहे. मूत्रपिंडाला दोन्हीकडून मार बसतो. सोसतं तोवर ते बोलत नाही. बोलतं तेव्हा फार उशीर झालेला असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एका कागदावर मी काही ठरवणार नाही. चोवीस तासांची लघवी जमवून आणा. इतर काही गोळ्या घेता? दुखण्याच्या वगैरे?"

"कधीतरी," मी म्हणालो. "डोकं दुखलं तर."

हे उत्तर खोटे होते. सुनंदाने माझ्याकडे पाहिले. तिने नंतर सांगितले की डॉक्टरांसमोर नवऱ्याला खोटे पाडायचे धाडस तिला त्या दिवशी झाले नाही. मी का खोटे बोललो, याचे उत्तर त्या क्षणी मला माहीत होते: गोळी बंद केली तर बैठक बंद, आणि गणपतीला आठ आठवडे उरले होते.

बायजाबाईंची बाटली

रोह्याच्या प्रयोगशाळेने पाच लिटरचा पांढरा कॅन दिला. तो घेऊन मी दुपारी थेट कारखान्यात आलो. बायजाबाई रंग घोटत होत्या. त्या खाडीकाठच्या गावच्या. त्यांच्या सासरचे लोक मिठागरावर होते. त्या वीस वर्षे आमच्याकडे रंग आणि सरस कालवत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक. तो पाण्यात शिजवून खडूच्या पांढऱ्या रंगात मिसळतात, म्हणजे रंग मूर्तीला धरतो. आम्ही अजून तो वापरत होतो.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "खिडकीतली माझी लहान बाटली तुमी न्हेलीव का?"

"कुठली?"

"औषधाची व्हती ती. बुचाची. पालथी घालून ठेवली व्हती."

मी नेली होती. पेणच्या प्रयोगशाळेने घरून स्वच्छ बाटली आणायला सांगितले होते आणि खिडकीत धुतलेल्या बाटल्या पालथ्या होत्या. त्यातली एक मी पहिल्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी खिशात घातली होती.

"ती सरसाची हाय," बायजाबाई म्हणाल्या. "धुतली तरी बुडाला ऱ्हातोच. सुकला का काचेवानी दिसतो, कळत नाय. पानी पडला का परत सुटतो."

मी बाटली कशासाठी नेली होती ते सांगितले. मग नाना हसले. नाना चौसष्ट वर्षांचे होते आणि हंगामात क्वचितच हसत.

"म्हणजे लॅबवाल्याने तुला नाय तपासला, सरसाला तपासला. चांगला आला का सरस? तीन अधिक म्हणजे पयला नंबर."

"हसू नका ओ नाना," बायजाबाई म्हणाल्या. "माणसाचा जीव घाबरला आसंल."

"घाबरायचं काय त्यात? रंग तरी धरेल अंगाला." नानांनी पुढची मूर्ती सरकवली. "बस. रांग अडकलीय."

मी कॅन माळ्यावर टाकला आणि बसलो. त्या दुपारी मला जे वाटले त्याला सुटका हाच शब्द आहे. सरस हे प्रथिन. कागदावर प्रथिन. बातमी पूर्ण होती. साखरेचा कागद वेगळा होता आणि त्यात बाटलीचा काही संबंध नव्हता. रक्तदाबही बाटलीत मोजलेला नव्हता. घोटा तर घरीच होता. या तिन्ही गोष्टी मला माहीत होत्या आणि पंधरा दिवस मी त्यांचा विचार केला नाही. या पंधरा दिवसांत मी रोज दोन गोळ्या घेतल्या. चार दिवस तीन घेतल्या.

आमच्या कारखान्याबाहेरच्या कोणाच्या हातून बाटलीची ही चूक झाली नसती. पहिला कागद खोटा असू शकतो, एवढेच बाटलीने सिद्ध होत होते. मी त्याचा अर्थ दुखणे खोटे, असा घेतला.

२७ जुलै

रविवारी सकाळी सुनंदा माळ्यावरून कॅन खाली घेऊन आली. तिने तो धुतला नाही. प्रयोगशाळेने दिलेला होता तसाच मोरीच्या दाराशी ठेवला.

"गणपती होऊ देत," मी म्हणालो. "सरसामुळे आलं होतं ते."

"सरस बाटलीत होता," ती म्हणाली. "पायात नव्हता."

मी कॅनचे झाकण फिरवून पाहिले.

"आक्कांची सहा महिन्यांनंतरची चिठ्ठी कुठे आहे?"

"नाही."

"का नाही?"

"माहीत नाही."

"त्यांच्याकडेही काहीतरी असेल तेव्हा. लग्न, भात, पाहुणे. तुमच्याकडे सरस आहे."

त्या दिवशी मी कारखान्यात गेलो नाही. नानांना निरोप पाठवला. चोवीस तास घरात बसून राहिलो. आपल्या शरीरातून दिवसात किती पाणी जाते, हे तेव्हा प्रथम दिसले. संध्याकाळपर्यंत कॅनच्या तळाशी गडद पिवळे, सहाशे-सातशे मिलिलिटर होते. सुनंदाने कॅन उचलून उजेडात धरला आणि म्हणाली, "हे एवढंच?"

सोमवारी मी एकटाच कॅन घेऊन रोह्याच्या गाडीत बसलो. कॅन गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवला होता. कासूला एक म्हातारे गृहस्थ चढले आणि शेजारी बसले.

"रॉकेल काय?"

"नाही."

"ताडी?"

"नाही. तपासणीला चाललंय."

"पानी व्हय." त्यांनी मान डोलावली. "कंच्या बोअरचं? आमच्या गावची बोअर पन न्हेली व्हती तपासाय. खारट निघाली."

"घरच्याच," मी म्हणालो.

"घरची बोअर म्हंजे नशीब," ते म्हणाले आणि नागोठण्यापर्यंत कॅन कलंडू नये म्हणून त्यांनी आपला पाय आडवा लावून ठेवला. तीन आठवड्यांत मला हसू आले ते एवढेच.

३० जुलैला निकाल मिळाला. चोवीस तासांच्या लघवीत प्रथिन ४८० मिलिग्रॅम होते. दीडशेच्या आत हवे असते. मूत्रपिंड थकले की रक्तात साचणारे क्रिएटिनिन १.४, म्हणजे थोडे वर. कॅन प्रयोगशाळेचा होता.

पट्ट्या

३१ जुलैला आम्ही दोघे पुन्हा त्या बाकावर होतो. डॉक्टरांना मी बाटलीची हकीकत सांगितली.

"तीन अधिक आलं ते सरसाने आलं असेल, नसेलही," ते म्हणाले. "त्या तपासणीत लघवी गढुळली की प्रथिन धरतात. सरसाने किती गढुळते, मी पाहिलेलं नाही. पहिला कागद सोडून देऊ. हा दुसरा खरा आहे." त्यांनी पेन खाली ठेवले. "पण ४८० येण्याएवढी तुमची साखर जुनी दिसत नाही. डोळ्यांचे पडदेही मी आत्ता पाहिले, त्यांवर जुन्या साखरेच्या खुणा नाहीत. मला काहीतरी कमी सांगितलं जातंय."

तेव्हा सुनंदाने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. त्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. ती बुधवारी कारखान्यात गेली होती. माझ्या बैठकीच्या गोणपाटाखालून बायजाबाईंनी त्या काढून दिल्या होत्या. सगळ्या त्याच हंगामातल्या होत्या.

"डोकं दुखलं तर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक पट्टी उचलली, नाव वाचले आणि ठेवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: किती वर्षे, आणि बसलेले असताना पाणी किती. मी दोन्ही खरे सांगितले.

"पाण्यावाचून सुकलेल्या मूत्रपिंडावर रोज दोन गोळ्या," ते म्हणाले. "दाबही या गोळ्यांनी चढतो, पायही सुजतात. साखर सीमेवर, दाब वर, वरून हे. तिघांपैकी कोणी किती केलं, मला सांगता येणार नाही. पण साखर हळूहळू उतरवावी लागते. गोळी आजच बंद करता येते."

"बरं होईल?" सुनंदाने विचारले.

"किती भरून येईल ते तीन महिन्यांनी कळेल. काही वेळा येतं. काही वेळा नाही."

"नाही आलं तर आक्कांसारखं?"

डॉक्टरांनी आक्काची पिशवी उघडून १९८२ ची चिठ्ठी काढली आणि माझ्या कागदांवर ठेवली. "त्या इथे होत्या तेव्हा पुढे कोणी पाहिलं नाही. तुम्ही इथे आहात. एवढंच मी सांगू शकतो."

रक्तदाबाची एक गोळी सुरू झाली. ती मूत्रपिंडालाही जपते, पण पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा तपासलेच पाहिजे, अशी अट होती. दुखण्याची कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मीठ कमी, सुकी मासळी बंद, चहात साखर नाही, रोज चालणे, वजन सहा किलो खाली. आणि तहान मारायची नाही.

या शेवटच्या सूचनेने घरात सर्वांत जास्त भांडण झाले. आक्काचे पाणी तोडले होते. सुनंदाने ते पाहिले होते. पायाला सूज असलेल्या माणसाला पाणी प्यायला सांगतात, यावर तिचा विश्वास बसेना. ती तांब्या भरून ठेवायची आणि मी पिताना तोंड फिरवायची. शेवटी ती एकटीच रोह्याला जाऊन डॉक्टरांना विचारून आली. आक्काचे मूत्रपिंड पाणी बाहेर टाकत नव्हते, माझे अजून टाकते, असे उत्तर मिळाले. हे वाचणाऱ्या कोणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर त्याने पाण्याचा प्रश्न आपल्या डॉक्टरांनाच विचारावा. एकाच घरात दोन उत्तरे खरी असू शकतात.

एका मूर्तीला एक पेला

गोळीशिवाय पहिल्या आठवड्यात मला एक रांगही पुरी करता आली नाही. कंबर धरली की कुंचला ठेवावा लागे. नानांनी हमरापूरच्या एका रेखणीकाराला बोलावून निम्म्या मूर्ती त्याच्याकडे दिल्या. यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम सांगितला: एक मूर्ती पुरी झाली की उठायचे. मधे नाही.

कुंचले धुण्याच्या भांड्याशेजारी बायजाबाईंनी पिण्याचे पाणी झाकून ठेवायला सुरुवात केली. मूर्ती संपली की त्या पेला पुढे करत.

"घ्या. गणपती उठ बोलतोय."

"गणपती कमी आणि मोरीच्या फेऱ्या जास्त," नाना म्हणत. "भक्तांना काय सांगू? डोळे उशिरा उघडले, रेखणीकार मुतायला गेला होता?"

"तुमी पन जावा कधीतरी, नाना. तुमचा पन पाय बगा कसा फुगलाय."

नानांनी पाय धोतराखाली घेतला. ते हसले नाहीत. हंगाम संपल्यावर ते तपासणीला गेले. त्यांचा निकाल त्यांनी कोणाला सांगितला नाही. दिवाळीनंतर त्यांच्या बैठकीशेजारी गोळ्यांची पट्टी दिसली नाही, एवढे मी पाहिले आहे.

भीती गेली नाही. पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन १.४ च होते. ते वाढले नाही, हे चांगले असे डॉक्टर म्हणाले. मला ते उतरले नाही एवढेच दिसत होते. रोज सकाळी सुनंदा चहा ठेवण्याआधी माझा घोटा दाबायची आणि आकडे म्हणायची. गणपतीच्या दिवशी नैवेद्याच्या ताटात पाच मोदक होते. तिने एक माझ्या पानात वाढला, मग परत उचलला, मग अर्धा करून ठेवला आणि रडायला आत गेली. ती आधी कधी माझ्यासमोर रडली नव्हती आणि तेव्हाही समोर रडली नाही. मी अर्धा मोदक खाल्ला.

सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी तिने घोटा दाबला आणि आकडा म्हणायला तोंड उघडले. खड्डा पडला नव्हता. तिने दुसरा घोटा दाबून पाहिला. मग गॅसकडे गेली.

पुढचे कागद

३ नोव्हेंबर १९९७: चोवीस तासांचे प्रथिन २१० मिलिग्रॅम. क्रिएटिनिन १.२. रक्तदाब १३४ आणि ८६. वजन चार किलो कमी.

मे १९९८: प्रथिन २४०. वाढ का झाली ते कळले नाही. त्या महिन्यात लग्ने होती आणि मी तीन वेळा सुकट खाल्ली होती. हे कारण होते की नाही, याला डॉक्टरांनी दुजोरा दिला नाही. निकाल मिळाल्यापासून पुढची तपासणी होईपर्यंतचे पाच आठवडे मी पुन्हा फेस मोजला.

जुलै १९९८: प्रथिन १८०. या हंगामात रांगेचा नियम कारखान्यातून गेला. नव्या रेखणीकारालाही एका मूर्तीनंतर उठायला सांगितले जाते. कारण विचारल्यास नाना "रिवाज आहे" असे सांगतात.

जानेवारी १९९९: उपाशीपोटी साखर ११६, जेवणानंतर १५८. अजून सीमेवर. आक्काच्या चिठ्ठीनंतर चार वर्षांनी तिची साखर पलीकडे गेली होती. माझ्या चिठ्ठीला तेव्हा दीड वर्ष झाले होते.

२० डिसेंबर १९९९: उपाशीपोटी साखर ११२, जेवणानंतर १५४. क्रिएटिनिन १.२. चोवीस तासांच्या लघवीत प्रथिन १६० मिलिग्रॅम. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिली आहे आणि ती सुनंदाने आपल्या हाताने नव्या कालनिर्णयाच्या पानावर लिहिली आहे. कॅन प्रयोगशाळेचा होता.